झाकली मूठ आणि सरकारी फॉर्म

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीवर आपल्या मध्यमवर्गीय घरांची निम्मी अब्रू उभी आहे. मुलीच्या स्थळापासून भावाभावांच्या वाटणीपर्यंत ती उपयोगी पडते. पण एक फॉर्म असा आहे की तेथे मूठ झाकली तर सव्वा लाख जातातच, वर नोकरीही जाते.

हा फॉर्म अमेरिकन सरकारचा. संरक्षण खात्यात किंवा त्याचे काम करणाऱ्या कंपनीत गुप्त कागदपत्रे हाताळायची, तर आधी ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, म्हणजे विश्वासपात्रतेची मंजुरी लागते. ती सामान्यतः तिथल्या नागरिकालाच मिळते. तिकडचे नागरिक झालेल्या आपल्या मराठी इंजिनियर मुलांपुढेही हा प्रसंग येतो. ‘एसएफ-८६’ या नावाने वर्षानुवर्षे ओळखला गेलेला हा फॉर्म शंभराहून अधिक पानांचा. पत्ते, नोकऱ्या, कर्जे, परदेशातले नातलग, सारे त्यात विचारतात. आणि गेल्या ७ वर्षांत अमली पदार्थ घेतले होते काय, हेही.

कॉलेजात दोन-चार वेळा गांजा ओढलेल्या मुलाची लेखणी इथे अडते. इकडून फोनवर सल्ला जातो, “कशाला लिहितोस? कोण बघायला येतंय!” सल्ला प्रेमाचा खरा, पण घातक. कारण बघायला येतात! तपासनीस शेजाऱ्यांना, जुन्या मित्रांना, वरिष्ठांना भेटतात.

आता नियम पाहा. २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत तपासाची १३ कलमे आहेत. व्यसन हे एक कलम. अप्रामाणिक वर्तन हे त्याहून वेगळे. व्यसनाच्या बाबतीत किती वर्षे झाली, किती वेळा घेतले, ती संगत सुटली काय, हे पाहतात. ‘पुन्हा शिवणार नाही’ असे लेखी दिले तर तेही जमेस धरतात. आजही बेकायदा सेवन करणाऱ्याला मात्र २००८ च्या कायद्याने दार बंद आहे.

खोट्याचा हिशोब निराळा. जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा. उलट, या प्रश्नाचे खरे उत्तर फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणार नाही, अशी हमी फॉर्मवरच छापलेली असते. खऱ्याला असा आडोसा दिला आहे, खोट्याला नाही.

एवढा कटाक्ष का? सरकारला साधुसंत नको असतात. पण ज्याच्यापाशी लपविण्यासारखे काही आहे, त्याला ती भीती दाखवून कोणीही वाकवू शकतो. शिवाय नोकरीसाठी लहान गोष्ट दडविणारा उद्या हातून गुप्त कागद गहाळ झाला तर सांगेल, याचा भरवसा काय? १९८८ च्या ईगन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशी मंजुरी हा कोणाचा हक्क नव्हे. नौदलाच्या तळावरील त्या मजुराला नाकारताना जुन्या शिक्षांबरोबरच, त्यांतल्या काही फॉर्मवर न लिहिल्याचाही ठपका होता.

आपल्याकडेही याचे भावंड आहे. सरकारी नोकरीच्या पडताळणीत माहिती दडविली तर नोकरी जाऊ शकते. मात्र तरुणपणचा किरकोळ गुन्हा असेल तर मालक ती चूक पोटात घालू शकतो, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात म्हटले.

आणि खोटे लिहून झालेच असेल तर? पकडले जाण्याआधी, आपण होऊन, लगेच दुरुस्त करावे. अमेरिकन नियमावली अशी दुरुस्ती उमेदवाराच्या बाजूने धरते. चौकशीत उघडे पडल्यावर दिलेल्या कबुलीला ती किंमत राहत नाही.

चूक दर वर्षी जुनी होत जाते. खोटे मात्र सही केली त्या तारखेपासून नवे सुरू होते. मुलाचा फोन आला तर एवढेच सांगावे, “जे झाले ते लिही.” आणि त्याने आपल्यालाही ते सांगितले, तर आधी रागावू नये. घरी खरे बोलून मार खाल्लेला मुलगा फॉर्मवर खरे लिहायला कचरतो.