सुजलेले पित्ताशय आणि 'पथरीनाशक' बाटली

उजव्या बरगडीखालच्या वेदनेसाठी येणारा रुग्ण हल्ली सोनोग्राफीचा अहवाल आणि एखादी 'पथरीनाशक' बाटली सोबत घेऊनच येतो. योग मूत्राश्मरीचा, खडा पित्ताशयातला! संहितोक्त चारही अश्मरी मूत्रवहसंस्थेतील होत. 'पित्ताश्मरी' ही संज्ञा अलीकडची, याचा आपणांस व आपल्या औषधविक्रेत्या बंधूंना सोयीस्कर विसर पडतो.

यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त स्रवते. पित्ताशयात मावते जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. म्हणून त्याचे अंतस्तर पाणी, सोडियम, क्लोराइड शोषून पित्त पाच ते दहा पट घट्ट करते. पित्तलवणे मात्र ते जवळजवळ शोषत नाही; त्यांचे शोषण लघ्वंत्राच्या शेवटच्या भागात होते. अंतस्तरास इजा झाली, शोथ आला, की हा विवेक सुटतो. पित्तलवणेही शोषली जातात, कोलेस्टेरॉल मागे उरते आणि त्यास विरघळलेले राखणारे द्रव्यच घटल्याने ते स्फटिकरूपाने खाली बसते. खड्याने शोथ होतो हे सर्वांस ठाऊक आहे. शोथ खड्यास पोसतो, याकडे दुर्लक्ष होते. पित्ताशयनलिका दीर्घकाळ रुद्ध राहिल्यास रंगद्रव्येही शोषली जातात व आत केवळ पांढुरका श्लेष्मल स्राव साचतो.

येथे काहींना शाखाश्रित कामला आठवेल. तेथे मार्गावरोध मुख्य पित्तवाहिनीचा मानावा लागतो, येथे पित्ताशयाच्या नलिकेचा. दोहोंची गल्लत आम्हांस मान्य नाही.

पित्तावाटे पोहोचणारे कोणतेही औषध रुद्ध नलिकेतून आत शिरणार कसे? अर्सोडीऑक्सीकोलिक आम्लासही हीच मर्यादा आहे: नलिका मोकळी हवी, पित्ताशय कार्यक्षम हवे आणि खडा कोलेस्टेरॉलचा हवा. मग ज्वर, उजव्या खांद्याकडे जाणारी कळ आणि स्पर्शासहत्व असताना कुटकीचे विरेचन वा तेल-लिंबाचा प्रयोग कशाच्या आधारावर? स्नेहाने पित्ताशय आकुंचन पावते, तेही अडकलेल्या खड्यावर. त्या प्रयोगानंतर मलातून पडणारे हिरवे गोळे बहुधा तेलाचाच साबण असतो.

औषधालयाच्या मालकांसाठी आणखी एक गोष्ट. पित्ताशयातील खडे बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या जादुई उपचारविषयक अधिनियमाच्या अनुसूचीत निषिद्ध आहे. दर्शनी काचेवरचा फलकही जाहिरातच ठरतो. आम्ही आमचा उतरवला असून, ज्वरयुक्त शूलाचा रुग्ण त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवतो.