पाच डॉक्टर, पाच निदानं आणि पेशीतला एकच बग

साठी ओलांडलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याला अधूनमधून ताप येतो, पण तपासण्यांत कुठलंच इन्फेक्शन सापडत नाही. एक दिवस कान लालबुंद होऊन सुजतो, मात्र खालची पाळी तेवढी ठीक असते. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाणं होतं. मग अंगावर दुखरे चट्टे उठतात, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ. दम लागतो, म्हणून छातीचे डॉक्टर. सांधे धरतात, म्हणून संधिवाततज्ज्ञ. हिमोग्लोबिन घसरत जातं, म्हणून रक्तविकारतज्ज्ञ. प्रत्येकाकडे त्याच्या आजाराला एक नाव मिळतं आणि कुठलंच नाव सगळ्या तक्रारींना पुरत नाही.

हा कोणी एक ठरावीक माणूस नाही. 'व्हेक्सास' नावाच्या आजाराचं जे चित्र डॉक्टरांना वारंवार दिसतं, ते मी एकत्र मांडलंय. २०२०च्या आधी या आजाराला नावच नव्हतं. रुग्ण मात्र होते, वेगवेगळ्या विभागांच्या फाइलींत विखुरलेले.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पण व्हेक्सासच्या शोधाबद्दल वाचताना मला सतत आमचंच काम आठवत होतं. सहा टीमकडे सहा वेगवेगळ्या तक्रारी येतात, प्रत्येक टीम आपापल्या परीने डागडुजी करते आणि बिघाड असतो खाली कुठेतरी, सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये.

प्रश्न उलटा विचारला

नवा आनुवंशिक आजार शोधायची नेहमीची रीत अशी: सारखी लक्षणं असलेले रुग्ण गोळा करायचे, त्यांचा डीएनए वाचायचा आणि सगळ्यांत समान काय आहे ते बघायचं. यात एक गृहीतक दडलेलं आहे. 'सारखे रुग्ण' कोण, हे आपल्याला आधीच कळतं, असं आपण धरून चालतो. ज्या आजाराची लक्षणं पाच विभागांत वाटली गेलीत, तो या रीतीने सापडणार कसा?

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये डेव्हिड बेक, मार्सेला फेराडा, पीटर ग्रेसन, डॅनियल कास्टनर आणि सहकाऱ्यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. त्यांच्या हाताशी २,५६० लोकांचा जनुकीय डेटा होता. कुणाला निदान न झालेला ताप आणि दाह होता, तर कुणाचा आजार कुठल्याच वर्गात बसत नव्हता. लक्षणं तात्पुरती बाजूला ठेवून त्यांनी पेशीतली एक यंत्रणा निवडली: युबिक्विटिन. तिच्याशी संबंधित ८००हून अधिक जनुकांत काही संशयास्पद बदल दिसतात का, हे तपासलं. निवड हवेतली नव्हती. याच यंत्रणेतल्या इतर जनुकांमुळे होणारे दाहाचे आजार २०१६मध्ये समोर आले होते.

आधी तीन माणसं सापडली. तिघंही मध्यमवयीन पुरुष आणि तिघांतही यूबीए१ या जनुकात एकाच ठिकाणी बदल. मग लक्षणांकडे बघितलं, तर तिघांच्या तक्रारींत विलक्षण साम्य! त्यानंतर अशा तक्रारी असलेल्या इतरांत शोध घेतला आणि आकडा २५वर गेला. हा शोधनिबंध २०२०मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. तोवर त्या २५ पैकी १० जणांचा मृत्यू झालेला होता.

बिघाड नेमका कुठे आहे?

पेशीत प्रोटीन सतत तयार होतात आणि खराब होतात. खराब झालेली किंवा नको असलेली प्रोटीन वेळेवर मोडीत काढावी लागतात. त्यासाठी पेशी त्यांच्यावर एक छोटं लेबल चिकटवते. ते लेबल म्हणजे युबिक्विटिन, स्वतः ७६ अमिनो आम्लांचं एक लहानसं प्रोटीन. लेबलांची साखळी लागलेलं प्रोटीन प्रोटिएसोम नावाच्या यंत्रात जातं आणि तिथे त्याचे तुकडे होतात. या व्यवस्थेच्या शोधासाठी एरॉन चिकानोव्हर, अवराम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

लेबल चिकटवायचं काम तीन टप्प्यांत होतं: ई१, ई२ आणि ई३. शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे ई३मध्ये, शेकडो वेगवेगळे एन्झाइम आहेत. कुठल्या प्रोटीनवर लेबल लावायचं, हे ते ठरवतात. पहिल्या टप्प्यावर मात्र जवळजवळ सगळा भार एकाच एन्झाइमवर आहे आणि तो यूबीए१ या जनुकातून तयार होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर मागे शेकडो सर्व्हिस आहेत, पण सगळ्यांची वाट एकाच गेटवेमधून जाते.

असा गेटवे पूर्ण बंद पडला तर पेशी जगूच शकत नाही. व्हेक्सासमध्ये तो पूर्ण बंद पडत नाही आणि गंमत तिथेच आहे.

यूबीए१ या एकाच जनुकातून एन्झाइमच्या दोन आवृत्त्या निघतात. एक लांब आवृत्ती, पहिल्या अमिनो आम्लापासून सुरू होणारी. ती मुख्यतः केंद्रकात काम करते. दुसरी थोडी आखूड, ४१व्या अमिनो आम्लापासून सुरू होणारी. ती केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात काम करते. एकाच फाइलला दोन एंट्री पॉइंट असावेत, तसंच हे. ४१व्या जागी मेथिओनिन असतं आणि 'इथून सुरुवात कर' हा इशाराही तेच देतं. व्हेक्सासच्या बहुतेक रुग्णांत नेमकं हेच मेथिओनिन बदललेलं असतं. लांब आवृत्तीला त्याचा फारसा त्रास होत नाही, मधलं एक अक्षर बदललं एवढंच. आखूड आवृत्तीची मात्र सुरुवातच हरवते. मग पेशी पुढचा इशारा शोधते, तो ६७व्या जागी सापडतो आणि तिथून एक अर्धवट एन्झाइम तयार होतं. ते जेमतेम काम करतं.

परिणाम असा, की पेशी जिवंत राहते, पण तिचा कचरा साठत जातो आणि ती धोक्याचे इशारे देत सुटते. या पेशी शरीराच्या पहिल्या फळीतल्या रोगप्रतिकारक पेशी असल्यामुळे त्यांचे इशारे म्हणजे दाह. रक्त सगळीकडे फिरतं, म्हणून दाहही कानाच्या कूर्चेपासून फुप्फुसापर्यंत कुठेही उमटतो. कानाच्या पाळीत कूर्चाच नसते, म्हणून ती बचावते. सुरुवातीच्या त्या कोड्याचं एक उत्तर इथे मिळतं.

जन्मतः नव्हता, नंतर आला

हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो. उतारवयात अस्थिमज्जेतल्या एखाद्या रक्त-मूळपेशीत तो घडतो आणि तिच्या वंशातल्या पेशी हळूहळू पसरतात. त्वचेच्या पेशींत तो दिसत नाही. रक्तातल्याही सगळ्या पेशींत नसतो: मायलॉइड पेशींत भरपूर सापडतो, परिपक्व लिम्फोसाइटमध्ये जवळजवळ नाही. म्हणून तपासणी कशाची करता, याला फार महत्त्व आहे.

यूबीए१ एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाकडे एक्स एकच असतो, म्हणून पर्यायी प्रत नसते आणि बहुतेक रुग्ण पुरुष निघतात. इथेच डेटावाल्यांसाठी मोठा धडा आहे. पुरुषाच्या एक्सवरचं अक्षर एक तर हे असायला हवं, नाही तर ते. 'थोड्या पेशींत हे, थोड्यांत ते' असं दिसलं, तर वाचनात चूक झाली असं समजून ती नोंद गाळण्याचा मोह कुठल्याही फिल्टरला होईल. इथे ती 'चूक' हाच पुरावा होता.

मी हे अनुभवलंय, अर्थात कुणाच्या जिवाशी संबंध नसलेल्या कामात. आमच्या लॉगमधल्या ज्या ओळी नियमात बसत नव्हत्या, त्या माझी स्क्रिप्ट मुकाट्याने टाकून देत होती. डॅशबोर्ड हिरवागार दिसायचा. ज्या बगमागे आम्ही तीन आठवडे धावलो, तो त्या टाकलेल्या ओळींतच होता.

आजाराच्या नावातही ही सगळी गोष्ट आहे. व्ही म्हणजे व्हॅक्युओल, अस्थिमज्जेतल्या पेशींत दिसणाऱ्या पोकळ्या. ई म्हणजे ई१ एन्झाइम. एक्स म्हणजे एक्स गुणसूत्र. ए म्हणजे ऑटोइन्फ्लमेटरी, आतूनच पेटणारा दाह. एस म्हणजे सोमॅटिक, जन्मानंतर घडलेला बदल. लक्षणांचं नाव या यादीत नाही, बिघाडाचं आहे.

खरंच दुर्मीळ आहे का?

२५ रुग्ण म्हणजे कुतूहलाची गोष्ट, असं वाटू शकतं. २०२३मध्ये 'जामा' या नियतकालिकात पुढचा अभ्यास आला. पेनसिल्व्हेनियातल्या गाइसिंगर या आरोग्यसेवेच्या १,६३,०९६ लोकांचा जनुकीय डेटा त्यांच्या वैद्यकीय नोंदींशी जोडून पाहिला गेला. ११ जणांत हा बदल सापडला: ९ पुरुष, २ स्त्रिया. अंदाज निघाला तो असा: पन्नाशीपुढच्या पुरुषांत ४,२६९ मध्ये एक, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांत २६,२३८ मध्ये एक.

मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो दुसरा आकडा. त्या ११ जणांपैकी ५ जणांना, व्हेक्सासशी जोडले गेलेले संधिवाताचे किंवा रक्ताचे जे ठरावीक आजार आहेत, त्यातलं कुठलंच निदान लागू होत नव्हतं. म्हणजे लक्षणांच्या यादीवरून शोधलं असतं, तर जवळजवळ निम्मे लोक यादीबाहेरच राहिले असते. ॲनिमिया मात्र ११च्या ११ जणांना होता आणि १० जणांत रक्तातल्या लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या.

या आकड्यांना एक मर्यादाही आहे. त्या अभ्यासातले ९४ टक्के लोक गोरे होते. त्यामुळे '४,२६९ मध्ये एक' हा आकडा उचलून महाराष्ट्राला लावता येत नाही. भारतात 'जीनोम इंडिया' प्रकल्पात सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५मध्ये तो डेटा संशोधकांना खुला झाला. ही मोठी गोष्ट आहे, पण तो निरोगी लोकांचा नमुना आहे. व्हेक्साससारखा आजार शोधायला आणखी दोन गोष्टी लागतात: वयस्क, आजारी, निदान न झालेल्या माणसांचे नमुने आणि त्यांच्याशी जोडलेल्या अनेक वर्षांच्या नोंदी. आपल्याकडे नोंदी रुग्णाच्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात आणि दवाखाना बदलला की कधीकधी तिथेच हरवतात. माझ्या मते सीक्वेन्सिंगच्या मशीनपेक्षा ही अडचण मोठी आहे, कारण मशीन विकत घेता येतं.

निदान झालं, पुढे काय?

इथे मोठी आश्वासनं द्यायला नकोत. स्टेरॉइडने दाह आटोक्यात येतो, पण डोस कमी केला की बहुतेकदा परत उफाळतो आणि वर्षानुवर्षं जास्त डोस घेण्याचे दुष्परिणाम वेगळे. ॲझासायटिडीन आणि रक्सोलिटिनिब यांसारख्या औषधांचा काही रुग्णांना फायदा झालाय. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बिघडलेल्या पेशींचा वंशच काढून टाकता येतो, पण ती या वयात जोखमीची वाट आहे.

मग निदानाने काय साधतं? निदान नसताना प्रत्येक विभाग आपापलं औषध देत राहतो. निदान झालं की सगळे डॉक्टर एकाच प्रश्नावर बोलू लागतात. काही रुग्णांत पुढे अस्थिमज्जेचे गंभीर विकार होतात, रक्ताच्या गुठळ्या होतात. त्यावर आधीपासून लक्ष ठेवता येतं. आणि तपासणी तशी अवघड नाही, कारण बहुतेक रुग्णांत बदल जनुकाच्या एका छोट्या भागात असतो. अवघड आहे ते 'हे व्हेक्सास असू शकेल' असं कुणाला तरी सुचणं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही १००च्या वर दिसला म्हणून व्हेक्सास झाला, असं समजू नका. बी१२ची कमतरता, दारू, थायरॉइड, काही औषधं अशी कितीतरी नेहमीची कारणं आधी तपासावी लागतात.

पण घरात कुणी वयस्क माणूस वर्षभर पाच डॉक्टरांकडे फिरत असेल, तर एक काम आपण नक्की करू शकतो. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावायचे. पहिल्या पानावर एक साधा तक्ता करायचा: कधी काय झालं, कोणतं औषध चाललं, कशाने उपयोग झाला नाही. 'नॉर्मल' म्हणून बाजूला ठेवलेले आणि 'चुकीचा आला असेल' म्हणून दुर्लक्ष केलेले रिपोर्टही त्यात घालायचे. मग ती अख्खी फाइल एका डॉक्टरांपुढे ठेवायची. त्या २,५६० लोकांच्या डेटातून तीन माणसं सापडली, कारण कुणीतरी त्यांच्याकडे एकत्र बघितलं. आपल्या घरातल्या एका माणसाकडे तरी कुणीतरी एकत्र बघायला हवं.