तापलेल्या तारेचा हिशेब

ग्रामीण भागासाठी 11 केव्हीच्या ओव्हरहेड वाहिनीचा आराखडा करताना दोन हिशेब अटळ असतात. दोन खांबांमधल्या स्पॅनमध्ये तार किती खाली येईल, म्हणजे तिचा झोळ किती राहील, हा पहिला; आणि उपकेंद्रापासून शेवटच्या रोहित्रापर्यंत दाब किती घटेल, हा दुसरा. तार एकच असूनही हे दोन हिशेब पुष्कळदा वेगवेगळ्या तापमानांना केले जातात आणि त्यांतले एकही तापमान मे महिन्यातल्या दुपारचे नसते, ही या क्षेत्रातील जुनी, पण सहज दुरुस्त होण्याजोगी चूक आहे.

झोळाचे सूत्र सर्वांना पाठ असते: तारेचे दर मीटर वजन गुणिले स्पॅनचा वर्ग, भागिले ताणाची आठपट. पोलादाच्या एका तंतूभोवती अॅल्युमिनियमचे सहा तंतू पिळलेली ‘रॅबिट’ तार घेतली, तर तिचे वजन किलोमीटरला सुमारे 214 किलो आणि ती तुटण्याचा भार सुमारे 1,860 किलो असतो. 80 मीटरच्या स्पॅनमध्ये ही तार 32 अंश सेल्सियसला, वारा नसताना, तुटभाराच्या एक चतुर्थांश ताणाने, म्हणजे 465 किलोने ओढली, की झोळ 37 सेंटीमीटर येतो. या स्थितीत तारेची लांबी दोन खांबांमधील अंतरापेक्षा अवघी साडेचार मिलिमीटर जास्त असते आणि म्हणूनच थोडेसे प्रसरणही तिला पुष्कळ खाली आणते. तार 65 अंशांपर्यंत तापली म्हणजे ती लांबते, ताण उतरतो, ताण उतरल्यामुळे तिचे लवचीक आकुंचन होऊन काही भरपाई होते, आणि या सगळ्याचा मेळ घातल्यावर ताण सुमारे 235 किलो व झोळ 73 सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट, निघतो.

आठ मीटरचा खांब दीड मीटर जमिनीत गेल्यावर साडेसहा मीटर वर उरतो आणि क्रॉस-आर्मवरच्या तारा शेंड्याच्याही खाली असतात. 11 केव्हीच्या उघड्या तारेला मोकळ्या शेतात जमिनीपासून 4.6 मीटर अंतर लागते, तेवढे या खांबावर मिळते. परंतु रस्ता ओलांडताना 6.1 मीटर लागते आणि स्पॅनच्या मध्यावर रस्ता आला, तर उन्हाळ्यात ते मिळणे शक्यच नसते. अशा ठिकाणी नऊ मीटरचा खांब घेणे ही चैन नव्हे. शेत सपाट करताना तारेखाली पडलेली मातीची भर आणि उसाने भरलेली ट्रॉली या दोन्ही गोष्टी नकाशावर दिसत नाहीत, त्या जागेवर जाऊनच मोजाव्या लागतात.

तार ओढण्याचे काम बहुधा थंडीत होते. वरील स्पॅनमध्ये जानेवारीच्या सकाळी, 15 अंशांना, झोळ 28 सेंटीमीटरच ठेवायला हवा, हे लाइनमनला कोष्टकाच्या रूपाने हाती दिले गेले पाहिजे. त्यानंतरचे काम साधे आहे: दोन्ही खांबांवर इन्सुलेटरपासून तेवढ्या अंतरावर खाली आडवी पट्टी बांधायची आणि एका पट्टीवरून दुसरीवर नजर लावून तारेचा सर्वांत खालचा बिंदू त्या रेषेला येईपर्यंत तार ओढायची. कोष्टक नसेल, तर तार अंदाजाने ओढली जाते आणि तो अंदाज चुकल्याचे उन्हाळ्यातच कळते.

दाबाच्या हिशेबात हेच तापमान विसरले जाते. रॅबिट तारेचा रोध किलोमीटरला 0.55 ओहम असे कोष्टकात छापलेले असते, ते 20 अंशांचे. 65 अंशांना तो 0.65 होतो. 15 किलोमीटर लांबीच्या वाहिनीच्या टोकाला 1,000 केव्हीए भार आहे आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण भारापैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या शक्तीचे प्रमाण, 0.8 आहे असे धरले, तर छापील रोधाने दाबातील घट 8.2 टक्के येते आणि 9 टक्क्यांच्या मर्यादेत बसते. तापलेल्या तारेच्या रोधाने ती 9.2 टक्के येते आणि बसत नाही. भार वाहिनीभर सारखा पसरलेला असेल, तर घट निम्मी होते, हे खरे. पण नदी किंवा कालव्याच्या काठी पंपांची दाटी टोकालाच असेल, तर ही सूट घेता येत नाही.

सर्व पंप एकदम चालत नाहीत, हे गृहीतक तर कृषी वाहिन्यांवर मुळीच टिकत नाही. ठरावीक तासांच्या पुरवठ्यात ऑटो स्विच लावलेले पंप वीज येताच एकदम सुरू होतात, त्यामुळे जोडभाराला कमी करणारा गुणक तेथे जवळजवळ 1 धरावा लागतो. उलट, पंपांना कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर 0.95 वर नेला, तर वरील 9.2 टक्क्यांची घट सुमारे 7.7 टक्क्यांवर येते. बंद पडलेले किंवा जोडणीतून काढून ठेवलेले कपॅसिटर तपासून पुन्हा चालू करणे हे तार बदलण्याच्या खर्चाच्या मानाने फारच स्वस्त काम आहे.

अभियंत्यांनी आणि परवानाधारक ठेकेदारांनी प्रत्येक अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर झोळ व रोध या दोहोंसाठी धरलेले तापमान एकाच ओळीत लिहावे, आणि वाहिनी चालू झाल्यावर मे महिन्यातील एका दुपारी, सर्व पंप चालू असताना, शेवटच्या रोहित्रावरचा दाब मोजून तो त्याच पानावर नोंदवावा.