अक्कलदाढेचं खातं

अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचवीस या वयात उगवते म्हणतात. माझी उगवली तेव्हा मी बी.कॉम.ला होतो आणि कॉस्टिंगमध्ये नापास झालो होतो. त्यामुळे या दाढेचा अकलेशी काही संबंध असतो, या समजुतीवर माझा विश्वास कधीच बसला नाही.

पुढची वीस-बावीस वर्षं चारही दाढा तोंडाच्या चार कोपऱ्यांत गप्प पडून होत्या. गेल्या पावसाळ्यात मात्र डावीकडची खालची दाढ उठली. ती अर्धीच वर आलेली, उरलेल्या अर्ध्या भागावर हिरडीचं पांघरूण. त्या पांघरुणाखाली अन्न अडकलं, हिरडी सुजली आणि जबडा दोन बोटांपलीकडे उघडेना. कुर्ला स्टेशनाबाहेर उभं राहून मी वडापाव आडवा, उभा, तिरका असा तिन्ही बाजूंनी लावून पाहिला. शेवटी कुत्र्याला घातला.

औषधाने आणि मिठाच्या गुळण्यांनी ती वेळ निभावली. तीन महिन्यांनी दाढ पुन्हा उठली. मग मी मध्यमवर्गीय माणूस करतो ते केलं. ज्यांना दातातलं काही कळत नाही अशा सगळ्यांना सल्ला विचारला.

त्यांत सरळ दोन पक्ष पडले. एक ‘काढून टाका’वाला, दुसरा ‘हात लावू नका’वाला. सासूबाई लवंगेच्या तेलाच्या, म्हणजे अपक्ष. शेजारचे काका दुसऱ्या पक्षाचे पुढारी. ‘‘दाढ काढली की नजर जाते,’’ असं त्यांनी निक्षून सांगितलं. काकांच्या तोंडात सगळे दात शाबूत आहेत आणि नाकावर बाटलीच्या बुडाएवढा चष्मा आहे. हे मी नम्रपणे लक्षात आणून दिलं, तर चार दिवस त्यांनी मला पेपर वाचायला दिला नाही. काका रागावोत, पण खरं ते खरं. डोळ्याला दृष्टी देणारी नस वेगळी, दाताची वेगळी. दाढ उपटली म्हणून दिवे जात नाहीत.

मग बायकोने मला एका चकचकीत दवाखान्यात नेलं. तिथे सोफा होता, मासे होते, गुळगुळीत कागदाची मासिकं होती. आतल्या माणसाने माझ्या तोंडात पुरता अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाला, ‘‘चारही काढू या. एकदाच काय ते होऊन जाईल. अठ्ठेचाळीस हजार. बिनव्याजी हप्ते आहेत.’’

मी म्हटलं, ‘‘दुखतेय एकच.’’

‘‘आज एक दुखतेय,’’ तो म्हणाला, ‘‘उद्या बाकीच्या दुखतील.’’

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. वाचकहो, हे वाक्य मी ओळखतो. हे माझंच वाक्य आहे! आमच्याकडे माणूस गृहकर्जाला येतो आणि जाताना विमा घेऊन जातो. ‘‘आज धडधाकट आहात, उद्याचं काय सांगावं?’’ असं मी गेली कित्येक वर्षं म्हणत आलोय. त्याला विमा हवा असतोच असं नाही, आम्हाला महिन्याचं टार्गेट हवं असतं. बिनव्याजी हप्त्याचं व्याज कुठल्या खिशात लपवलेलं असतं, हेही बँकेतल्या माणसाला कुणी शिकवायला नको. शिकारी स्वतःच जाळ्यात आला की त्याला जाळ्याची वीण फार चांगली दिसते.

दुसरं असं, की बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय ठरतं. पण ते आम्ही उखडून फेकत नाही. त्यावर नजर ठेवतो. मग ज्या तीन दाढांनी बावीस वर्षांत एक चेक वटवला नाही, त्यांना फाशी कशासाठी?

हे माझं एकट्याचं खूळ नव्हे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेने कुठले उपचार करावेत याचा सल्ला देणारी ‘नाइस’ नावाची संस्था आहे. तिने २००० साली सांगून टाकलं की रोग नसलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढणं बंद करा. हिरडी पहिल्यांदा सुजली आणि सूज फार मोठी नसेल, तर तेवढ्यावर काढू नका. दुसऱ्यांदा सुजली तर काढणं योग्य. हे वाचून मी बायकोला म्हटलं, ‘‘बघ, माझी एक दाढ नियमाने दोषी आहे आणि तीन निर्दोष.’’

दुसऱ्या पक्षाचंही ऐकलं पाहिजे. तरुणपणी दाढेची मुळं पुरती तयार झालेली नसतात, तेव्हा ती काढायला सोपी जाते. चाळिशीत मुळं आणि हाड दोन्ही हट्टी होतात. शिवाय आडवी दाढ शेजारच्या चांगल्या दाढेलाही कीड लावू शकते. हे सगळं खरं आहे. पण त्यातून ‘लक्ष ठेवा’ असं निघतं, ‘चारही द्या’ असं निघत नाही.

आता प्रश्न, कुठे? मी म्हटलं, ‘‘दंतमहाविद्यालयात.’’

घरात शांतता पसरली. ‘‘म्हणजे सरकारी?’’ बायकोने विचारलं. ‘‘लोक काय म्हणतील?’’

मुंबईत अशी दोन ठिकाणं आहेत. महापालिकेचं नायर दंतमहाविद्यालय, १९३३ सालचं, मुंबई सेंट्रलला. आणि राज्य सरकारचं, १९४५ सालचं, बोरीबंदरला सेंट जॉर्जच्या आवारात. उपनगरांनी एवढी माणसं पोसली, पण ही दोन्ही शहरातच बसलेली आहेत. म्हणजे सुजलेला गाल घेऊन आधी कुर्ल्याची गाडी पकडा. तरीही मला लोकांच्या म्हणण्याचं कोडं उलगडत नाही. आपण पाणी महापालिकेचं पितो, गाडी सरकारी वापरतो, पेन्शनसाठी सरकारी नोकरी शोधतो. दाढ तेवढी खासगी! महाग ते चांगलं, हा हिशेब आपण भाजीवाल्याला लावत नाही. त्याच्याशी दोन रुपयांसाठी भांडतो. आणि चिमटा हातात घेतलेल्या माणसापुढे मान तुकवतो.

मी गेलो. केसपेपर, रांग, बाकडं. एकूण तीन खेपा आणि तीन रजा लागल्या, हे लपवत नाही. ज्याची रजा कापली जाते त्याला तीन खेपा परवडत नाहीत. सरकारला खरा जाब विचारायचा तो याचा. तिथे मासे नव्हते. पण सबंध जबड्याचा एक्स-रे काढला आणि एक तरुण डॉक्टरीणबाई तो उजेडात धरून मला शिकवू लागल्या. मागे त्यांचे सर उभे होते.

‘‘काका, ही रेघ बघा. ही खालच्या ओठाची नस. तुमच्या दाढेचं मूळ हिच्याजवळ आहे. नसेला धक्का लागला तर ओठ काही दिवस बधिर राहू शकतो, क्वचित कायमचाही. हे समजून मग सही करा.’’

खरं सांगतो, माझे पाय गारठले. ओठ बधिर म्हणजे चहा कुठून गळतोय तेही कळायचं नाही. पण त्याच क्षणी मला हेही उमगलं, की अठ्ठेचाळीस हजारवाल्याने या नसेचं नावही काढलं नव्हतं.

‘‘आणि बाकीच्या तीन?’’ मी विचारलं.

‘‘त्यांनी काय केलंय?’’ बाई म्हणाल्या. ‘‘वर्षातून एकदा दाखवून जा.’’

वास्तविक शिकणाऱ्यांना हात बसवायला दाढा हव्याच असतात. तरी त्यांनी तीन सोडून दिल्या. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दवाखाना सरकारी का खासगी हे पाहू नका. सचोटीचे खासगी डॉक्टरही आहेत. जो आधी एक्स-रे काढतो, धोका आपल्या भाषेत सांगतो आणि ‘ही राहू द्या’ असं म्हणू शकतो, त्याच्यापुढे तोंड उघडा. बाकीच्यांपुढे खिसाही उघडू नका.

दाढ निघाली. तुकड्यातुकड्यांनी निघाली, भुलीचं इंजेक्शन असूनही हाडाचा कुरकुर आवाज ऐकला, चार दिवस पेज प्यालो. ओठ शाबूत आहे. उरलेल्या तीन निष्क्रिय खात्यांची मी दरवर्षी केवायसी करून येतो.

एक बदल मात्र झालाय. गृहकर्जाला माणूस आला की मी त्याला आधी सांगतो, ‘‘हा विमा सक्तीचा नाही बरं का. वाचा, विचार करा, मग सही करा.’’ परिणामी माझं टार्गेट पुरं होत नाही. आमचे साहेब सगळ्यांना सांगत सुटलेत, की दाढ काढल्यापासून याची अक्कल गेली.