गच्चीवरून गच्चीवर

मंडळी, चित्र भिंतीवर टांगता येतं, कवितेचं पुस्तक निघतं. नाच मागे कसा ठेवायचा?

फिलाडेल्फियात २०१५-१६ मध्ये ब्रिन मॉर कॉलेजच्या पुढाकाराने ट्रिशा ब्राउन या आधुनिक नृत्यरचनाकार बाईंच्या कामाचा शहरभर सोहळा झाला. तेव्हा आजारपणामुळे त्या निवृत्त झाल्या होत्या. २०१७ साली गेल्या. १९७१ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या सोहो भागात नर्तकांना वेगवेगळ्या गच्च्यांवर उभं केलं होतं. एकाने हालचाल करायची, पुढच्याने ती लांबून पाहून उचलायची, अशी ती शेवटच्या गच्चीपर्यंत जायची. वाटेत थोडी बदलायचीही!

आमच्या मते गुरुशिष्य-परंपरा म्हणजे तरी दुसरं काय? रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती काढली. २००८ साली त्या गेल्या, पण त्यांचं कथक शिष्यांच्या पायांत आहे.

इथेही कितीतरी ताई घराच्या बेसमेंटमध्ये वर्षानुवर्षं नाच शिकवताहेत. गणेशोत्सवात दहा मिनिटं दिली की आपलं काम झालं! त्यांनी बसवलेलं कोण जपणार? मंडळांनी एक अख्खी संध्याकाळ एकाच ताईंच्या कामाला द्यावी, जुन्या शिष्यांना बोलवावं, चित्रण करून ठेवावं, असं आम्ही सुचवतो. पुढच्या गच्चीवर कुणीतरी उभं हवं ना!