दोष एकट्या चालकाचा नव्हे

‘ऊस वाहतूकदारांना आवरा’ हे पत्र वाचले. अपघातांबद्दलची लेखकाची कळकळ रास्त आहे. मात्र चालकाला जबर दंड केला की प्रश्न मिटेल, हे पटत नाही. शिरोळ भागात माझ्या दोन ट्रक ऊस ओढतात. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, तासांवर नाही. कारखान्याच्या यार्डात नंबर लावून गाडी दहा-बारा तास उभी राहते. रांग कधी हलेल याचा नेम नसल्याने चालक स्टिअरिंगवरच डोके टेकतो. गव्हाणीत गाडी रिकामी झाली की लगेच पुढचा फड गाठायचा, कारण तोडलेला ऊस वाळला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास कामाची मर्यादा होती. हंगामात ती किती जण पाळत होते? गेल्या वर्षापासून मी प्रत्येक गाडीवर दोन चालक ठेवले. खर्च वाढला, पण डुलकी लागून गाडी एकदाही रस्त्याखाली उतरली नाही.

कारखान्यांनी गाडीचा नंबर मोबाइलवर कळवावा, यार्डात झोपायला खोली द्यावी आणि रिफ्लेक्टर नसलेली गाडी काट्यावर घेऊ नये. बॉयलर पेटण्याआधी एवढे कराच.

– एक ऊस वाहतूकदार, शिरोळ