भाकरी चांगली, पण एकटी नाही

आहारावरच्या या स्तंभाला येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न ठरलेला असतो: ज्वारी खरंच एवढी गुणाची आहे का? 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून तर तो जास्तच येतो. शहरांत ज्वारीची बिस्किटं आली, पोहे आले. अहमदपूर तालुक्यात ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाकरीच होती, त्यांनाही आता पाकिटावर वाचून तिचे गुण कळताहेत. माझं उत्तर असं की ज्वारी गुणाची आहे, पण ताटात तिच्याबरोबर काय आहे त्यावर सगळं अवलंबून आहे.

हे सांगायला जुना, दुःखाचा पुरावा आहे. दख्खनच्या पठारावर पेलाग्रा नावाचा आजार होता. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडायची, जुलाब लागायचे, पुढे डोक्यावर परिणाम व्हायचा. बाधा व्हायची ती ज्यांच्या पोटात ज्वारीशिवाय फारसं काही जात नव्हतं अशा गरिबांना. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 साली मांडलं, की ज्वारीतलं ल्युसीन जास्त पडलं की शरीरात नायसिन नीट तयार होत नाही. या कारणावर पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. नुसत्या भाकरीवर जगणाऱ्याला हा आजार गाठतो, हे निरीक्षण मात्र टिकलं. डाळ, दूध, शेंगदाणे पोटात जाणाऱ्याला तीच ज्वारी बाधत नव्हती.

लोहाचंही तसंच. ज्वारी-बाजरीत लोह असतं, पण फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं आणि रक्तापर्यंत त्यातलं थोडंच पोचतं. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला की तेही घटतं. लिंबू, पेरू, बोरं, आवळा यांतलं क जीवनसत्त्व जेवणासोबत गेलं की ते वाढतं. महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांना आणि 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. एवढ्या आकड्यापुढे लिंबाची फोड किरकोळ वाटेल, पण जिथे रोजचं लोह धान्यातूनच येतं तिथे ती किरकोळ नाही.

आणि भाकरीनेच फरक पडतो, हेही आपल्याच राज्यात तपासलं गेलं आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात 12 ते 16 वयाच्या 246 मुलामुलींवर झालेला हा प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. काहींना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी दिली, काहींना साध्या बाजरीची, दिवसातून दोनदा, सहा महिने. ज्यांच्या शरीरात मुळात लोह कमी होतं, त्यांच्यात जास्त लोहाची भाकरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या दीडपटीहून जास्त निघाली. ना गोळी, ना औषध. रोजच्या जेवणातली भाकरी, फक्त वाण निराळं.

आपल्या शेजारी परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीने 2018 साली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. तिच्यात किलोमागे 45 मिलीग्रॅम लोह आणि 32 मिलीग्रॅम जस्त. नेहमीच्या ज्वारीत ते 30 आणि 20 च्या आसपास.

आता वेळअमावस्येच्या सणाचं ताट बघा. शेतात कडब्याची कोपी, पांडवांची पूजा, आणि जेवायला भज्जी, उंडे, आंबिल. भज्जीत तूर, वाल, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात, चिंचेचा कोळ. म्हणजे डाळवर्गाची प्रथिनं, पालेभाजी आणि आंबट, सगळं एकाच भांड्यात. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवतात, आणि आंबवलं की फायटेट मोडतं, लोह मोकळं होतं. वर ताक. जेवून उठलं की बांधावरची बोरं. पोषणशास्त्र जे मागतं ते या ताटात जवळजवळ सगळं आहे. फक्त ते वर्षातून एकदा वाढलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ज्वारी मागे पडली त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. पाखरं राखायला माणूस नाही, काढणीला मजूर नाहीत, आणि सोयाबीनचे पैसे हातात लवकर पडतात. रेशनवर वर्षानुवर्षं मुख्यतः गहू-तांदूळ मिळत आला, त्यामुळे मजुराच्या घरातूनही भाकरी कमी झाली. म्हणून ‘भाकरी खा’ असा उपदेश मी करणार नाही. मागणी करतो ती अंगणवाडी आणि शाळेच्या आहाराची. तालुक्यातल्या शेतकऱ्यांकडून ‘परभणी शक्ती’ आधी ठरलेल्या भावाने घ्या. बचत गटातल्या ताईंना तिची आंबिल आणि डाळ-पाल्याची मिसळ भाजी करायला द्या, आठवड्यातून निदान दोनदा, सोबत लिंबू. सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी मुलांचं रक्त तपासा. पेरणीच्या आधी खरेदीचा शब्द मिळाला, तर सोयाबीनच्या रानात चार तासं ज्वारी टाकायला शेतकरी तयार होईल.